बदलापूर वाढले, आता पाळी पुढच्या गावांची

कर्जत लोकलने कधी गेलात तर अंबरनाथनंतर बदलापूर लागते. मुंबईच्या सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर. इथे घोडे बदलत म्हणून बदलापूर, असे जुनी माणसे सांगतात. आता पहाटेपासून फलाटावर नोकरदारांची रीघ असते.

रुळाच्या पूर्वेला कुळगाव, पश्चिमेला उल्हास नदीच्या अंगाला बदलापूर गाव, आणि भोवती कात्रप, बेलवली, मांजर्ली, शिरगाव ही भाताची गावे. १९८३ मध्ये हा भाग कल्याण महापालिकेत गेला, १९९२ मध्ये बाहेर पडून नगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत ९७,९४८ माणसे होती, २०११ मध्ये १,७४,२२६. म्हणजे दहा वर्षांत पावणेदोन पट! त्यानंतर उठलेल्या इमारती तर यात धरलेल्याच नाहीत. औद्योगिक वसाहत आहे खरी, पण शहर वाढवले ते लोकलने. ठाणे-डोंबिवलीत घर न परवडणारा माणूस इथे आला.

जमीन विकणाऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण पावसावरचे एकच पीक, भावाभावांत पडलेले वाटे आणि दारात पैसे घेऊन उभा असलेला माणूस, अशा वेळी कोण किती दिवस नाही म्हणणार? विकायचे तर विका, पण बयाणा घेण्याआधी सरकारी मोजणी करून घ्या, वारसांची नोंद लावा. बहिणींची नावे सात-बारावर आहेत का, तेही पाहा. नाहीतर पैसा हाती येण्याआधी कोर्टाची पायरी चढावी लागते.

खरा घोळ पाण्याचा. जवळच बारवी धरण आहे, पण ते औद्योगिक विकास महामंडळाचे. त्याचे पाणी कारखान्यांना आणि जिल्ह्यातल्या इतर शहरांना जाते. बदलापूर पाणी पिते ते उल्हासचे, बंधाऱ्यावरून उचललेले. उन्हाळ्यात ही नदी वाहती दिसते ती भिवपुरीच्या टाटा वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यामुळे. ते पाणी तेवढेच, पिणारी तोंडे मात्र वाढतच आहेत.

पावसाळ्यात हीच नदी उलटते. २६ जुलै २००५ ला बदलापूर पाण्यात गेले. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली. हजारावर प्रवासी बोटींनी बाहेर काढावे लागले. आजूबाजूचे गावकरीही मदतीला धावले होते. नदीकाठची सखल खाचरे पूर्वी चार दिवस पाणी धरून ठेवत आणि मग सोडत. तिथे भराव पडला की पाणी दुसऱ्याच्या घरात शिरणारच, त्याला दुसरी वाट कुठली?

हे सांगायचे कारण, वांगणी, शेलू, नेरळकडेही आता इमारती उठत आहेत. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी भाऊसाहेब, ही वेळ तुमची आहे. गावनकाशावरचे ओढे, नाले, पांदण रस्ते प्रत्यक्ष जाग्यावर आहेत का ते शिवार फिरून पाहा. एकदा ओढ्यावर भिंत उभी राहिली की पाडायला कोणी येत नाही. गुरचरण आणि तळ्याची जागा तर आजच आखून घ्या.

बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. झाड राहिले तर त्या नावाचा भाव. बांधावरचे जांभूळ तोडून देण्याच्या अटीवर सौदा होत असेल तर दोनदा विचार करा. जांभळाचे झाड भरात यायला वर्षे लागतात.

आणि पूररेषा विसरू नका. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तांबडी शंभर वर्षांतल्या पुराची. जिथे रेषा आखल्या आहेत तिथले नकाशे पाटबंधारे खात्याकडून मागून घ्या, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा आणि येत्या ग्रामसभेत कोणाचा कोणता गट नंबर कुठल्या रेषेत पडतो ते सर्वांदेखत वाचून दाखवा.