वाटीभर दही आणि रक्तातली साखर

“शुगर वाढलीय? मग रोज वाटीभर दही खा, नाहीतर प्रोबायोटिकच्या कॅप्सूल सुरू कर.” हा सल्ला हल्ली कुठेही ऐकायला मिळतो. त्यात तथ्य आहे, पण सल्ला देणाऱ्याला वाटतं तेवढं नाही.

मोठ्या आतड्यातले जिवाणू न पचलेला चोथा आंबवून ब्युटिरेट, प्रोपिओनेट अशी आम्लं तयार करतात. त्यांच्यामुळे आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी जीएलपी-1 हे संप्रेरक सोडतात आणि ते जेवणानंतर स्वादुपिंडाकडून इन्शुलिन स्रवून घेतं. शिवाय अस्तर धड असलं की जिवाणूंचे दाह वाढवणारे अंश रक्तात कमी झिरपतात. टाइप 2 मधुमेहात प्रोबायोटिककडून आशा आहे ती यामुळे.

म्हणून गोळ्या बंद करता येतील, हा मात्र सगळ्यात घातक गैरसमज. 2020 साली अमेरिकेतल्या एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. टाइप 2 मधुमेहाच्या 76 जणांपैकी काहींना 12 आठवडे पाच जिवाणूंचं मिश्रण दिलं होतं. त्यांची जेवणानंतरची साखर लक्षणीय उतरली, एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, सुमारे 0.6 ने कमी दिसला. पण त्यांचा आहार, व्यायाम आणि ज्यांना होत्या त्यांच्या गोळ्या चालूच होत्या. त्याच चाचणीत तीन जिवाणूंच्या मिश्रणाने तसा फरक पडला नाही. इतर अनेक चाचण्या एकत्र पाहिल्या तर सरासरी फायदा माफकच दिसतो. टाइप 1 मध्ये तर इन्शुलिनला पर्यायच नाही.

त्या पाच जिवाणूंपैकी एकही आपल्या विरजणात नसतो. म्हणजे ‘प्रोबायोटिक’ एवढं एकच नाव वाचून भागत नाही; कोणता जिवाणू, किती आणि मुदत संपेपर्यंत त्यातले किती जिवंत राहणार, हे डबीवर लिहिलेलं हवं.

आंबवलेलं सगळंच प्रोबायोटिक, असंही नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या 2001 च्या व्याख्येनुसार जिवाणू जिवंत हवेत, पुरेशा संख्येने हवेत आणि त्यांचा आरोग्याला फायदा व्हायला हवा. ताकाला बेसन लावून कढी केली, तिला सणसणीत उकळी आली, की त्यातले जिवाणू संपले. वाफवलेल्या इडली-ढोकळ्याचंही तेच. कढी चविष्ट आहे, जरूर खा, पण जिवाणूंसाठी नको. त्यासाठी न तापवलेलं, साखर न घातलेलं ताक बरं. आणि छोट्या बाटलीतलं गोड प्रोबायोटिक पेय आणलं असेल, तर पाठीमागच्या बारीक अक्षरांत साखरेचा आकडा बघाच. मधुमेह्याने साखर पिऊन साखर उतरवायला निघणं मला पटत नाही.

कॅप्सूलवर खर्च करण्याआधी पोटात आहेत त्या जिवाणूंना खायला घालावं, असं माझं ठाम मत आहे. 2018 साली चीनमधल्या संशोधकांनी टाइप 2 मधुमेहींना भरपूर आणि विविध तंतुमय आहार दिला. ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करणारे ठरावीक जिवाणू वाढले आणि एचबीएवनसी तुलनेच्या गटापेक्षा अधिक सुधारलं. आपल्याकडे मुगा-मटकीची उसळ, ज्वारीची भाकरी, पालेभाजी हे सगळं घरचंच आहे. फक्त भाकरी झाली तरी तिचं पीठ मोजायचंच.

कॅप्सूलने सुरुवातीला पोट फुगणं, गॅस होणं एवढंच बहुतेकांना जाणवतं. मात्र केमोथेरपी चालू असलेल्यांनी, अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनी किंवा अतिशय आजारी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. अशा रुग्णांत क्वचित हेच जिवाणू रक्तात शिरून संसर्ग करतात.