विमान नागरी की लष्करी?

२७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे पहिल्या शीख पलटणीचे जवान दिल्लीहून श्रीनगरला निघाले, ते डाकोटा विमानांतून. त्यांतली काही हवाई दलाची, तर काही उतारू कंपन्यांकडून मागवलेली. घडण बहुतांशी एकच. लष्करी नमुन्याला मालासाठी रुंद दार व भक्कम तळ असे. पण महायुद्धानंतर लष्कराने विकलेली विमानेच कंपन्यांनी घेतल्यामुळे तीही खूण पुसट झाली. मग वर्गवारी कशावरून करावी? १९४४ च्या शिकागो कराराचे उत्तर आहे : वापरावरून. लष्करी, जकात वा पोलीस सेवेत असलेले विमान सरकारी. परवानगीवाचून ते परराष्ट्रावरून उडू शकत नाही. म्हणून श्रोतेहो, विमानाचा वर्ग ठरवताना त्याच्या आकारापेक्षा ते कोणाच्या कामावर आहे, हे आधी पाहावे.