‘दोन घास तरी खा’ म्हणण्याआधी

छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात केमोथेरपीसाठी आलेल्या रुग्णासोबत अनेकदा त्याची बायको किंवा तिचा नवरा असतो. एका हातात फाइल, दुसऱ्या हातात डबा. डबा पुष्कळदा भरलेलाच परत जातो. ‘हे जेवतच नाहीत हो,’ ही तक्रार मग डॉक्टरांपुढे येते. घरात त्यावरून रुसवेफुगवे झालेले असतात.

स्वादुपिंडाच्या कर्करोगात हे फार दिसते. जठराच्या मागे असलेली ही ग्रंथी पाचकरस आणि इन्सुलिन तयार करते. ती पोटात खोलवर असल्याने आजार बहुधा उशिरा कळतो. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे १७ मार्च २०१९ रोजी याच आजाराने निधन झाले. आजार दूरवर पसरल्यावर केमोथेरपीने तो सहसा मुळापासून जात नाही. पण त्याची वाढ काही काळ रोखता येते. फ्रान्समधील २०११ च्या एका अभ्यासात चार औषधे एकत्र दिलेल्यांपैकी निम्मे रुग्ण ११.१ महिन्यांहून अधिक जगले; एकाच औषधावर हा काळ ६.८ महिने होता. हे महिने कसे जातात, ते बऱ्याच अंशी घरातल्या काळजीवर ठरते.

जेवण

भूक मरणे आणि स्नायू झिजणे हा या आजाराचाच भाग आहे. रुग्ण हट्टी नसतो आणि स्वयंपाक करणाऱ्याचीही चूक नसते. ताटावर बळजबरी केली की उलटी आणि अपराधीपणा, दोन्ही वाढतात. दर दोन-तीन तासांनी वाटीभर मऊ खिचडी, वरण-भात, अंडे असे रुचेल ते द्यावे. फोडणीच्या वासाने मळमळत असेल, तर अन्न कोमट करून द्यावे.

शौच तेलकट, फिकट आणि पाण्यावर तरंगणारे असेल, तर पाचकरस कमी पडत असावेत. त्यासाठी एन्झाइमच्या कॅप्सूल मिळतात. त्या जेवण सुरू करतानाच घ्यायच्या असतात. जेवून तासाभराने घेतल्या तर फारसा उपयोग होत नाही. शौचाबद्दल बोलायला रुग्ण लाजतो, म्हणून जोडीदाराने ते डॉक्टरांना सांगावे.

ताप

केमोनंतर साधारण आठवडा-दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी कमी होतात. अशा वेळी १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी लगेच रुग्णालय गाठावे. ‘सकाळी बघू’ म्हणणे जिवावर बेतू शकते. परस्पर पॅरासिटामॉल देऊ नये; त्याने ताप झाकला जातो. जवळच्या रुग्णालयात पोहोचताच ‘केमो सुरू आहे’ हे आधी सांगावे आणि फाइल दाखवावी. काविळीसाठी पित्तनलिकेत स्टेंट टाकला असेल, तर थंडी वाजून येणाऱ्या तापातही हीच घाई करावी.

इतर त्रास

ऑक्झालिप्लॅटिन या औषधानंतर काही दिवस गार वस्तूला हात लावला तरी मुंग्या येतात, गार पाण्याने घसा आवळल्यासारखा वाटतो. फ्रिजचे, माठाचे पाणी टाळून कोमट पाणी द्यावे. जुलाब किती वेळा झाले, उलटी कधी झाली, हे वहीत लिहावे. पाणीही पोटात टिकत नसेल, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

वेदनेसाठी मॉर्फिन लिहून दिले की घर हादरते. पण मॉर्फिन म्हणजे शेवट नव्हे. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत ते वेदना आवरते आणि झोप मिळू देते. सोबत बद्धकोष्ठतेचे औषध मात्र लागते.

बोलणे

केमो झेपेनाशी झाली की ती थांबवण्याची वेळ येते. तेव्हा औषधोपचार संपत नाहीत. वेदना, मळमळ, दम यांवरचे उपचार चालूच राहतात. घरी राहायचे आहे का, कुणाला भेटायचे आहे, कोणते व्यवहार मार्गी लावायचे आहेत, हे रुग्णाला बोलता येत असतानाच विचारावे. अनेक नवरा-बायको एकमेकांना जपण्यासाठी हा विषय टाळतात आणि दोघेही एकटे पडतात.

जोडीदाराची झोप आणि त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्याही चुकता कामा नयेत. आठवड्यातून एक-दोन रात्री मुलाने, भावाने किंवा शेजाऱ्याने जागावे. आणि रुग्णाने दोनच घास खाल्ले, तर उरलेला डबा सोबतच्या माणसाने तिथेच बसून खावा. सकाळपासून त्याच्याही पोटात काही गेलेले नसते.