आरोग्य कार्डावर संप्रेरकतज्ज्ञ कसा शोधावा
दिल्ली व राजधानी परिसरातील कुटुंबांसाठी माहिती

अवटू ग्रंथीचा विकार, आटोक्यात न येणारा मधुमेह, मुलाची खुंटलेली वाढ किंवा रक्तातील वाढलेले कॅल्शियम अशा तक्रारींसाठी ज्या डॉक्टरांकडे पाठविले जाते त्यांना एंडोक्रिनॉलॉजिस्ट, म्हणजेच संप्रेरकतज्ज्ञ म्हणतात. रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीपाशी नातेवाईक बहुधा एकच प्रश्न विचारतात : ‘आमचे कार्ड हे डॉक्टर घेतात का?’ प्रश्न स्वाभाविक आहे, परंतु त्याआधी आणखी एका प्रश्नाचे उत्तर आपल्याजवळ असावे लागते. आपले कार्ड नेमका कोणता खर्च उचलते?

संप्रेरकतज्ज्ञाचे बहुतेक काम बाह्यरुग्ण विभागात चालते. रुग्ण येतो, रक्त तपासले जाते, औषधाची मात्रा बदलते आणि काही आठवड्यांनी तो पुन्हा येतो. रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रसंग थोडे. या एका गोष्टीमुळे कोणते कार्ड किती उपयोगी पडेल हे ठरते, आणि नेमकी हीच गोष्ट लक्षात न आल्याने अनेक कुटुंबांचे महिने व पैसे वाया जातात.

आयुष्मान कार्ड

२३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेली आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना प्रत्येक पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार देते. दिल्ली २०२५ मध्ये या योजनेत सामील झाली आणि दिल्ली शासनाने स्वतःकडून आणखी ५ लाखांची भर घातली. मात्र हे संरक्षण रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. अवटू ग्रंथीची शस्त्रक्रिया करावी लागली, अथवा मधुमेहात रक्त आम्लयुक्त होऊन रुग्ण अत्यवस्थ झाला, तर कार्ड कामास येते. दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस व घरी परतल्यानंतरचे १५ दिवस यांतील तपासण्या आणि औषधेही त्यात धरली जातात. महिन्या-दोन महिन्यांनी खाजगी तज्ज्ञाला द्यावयाचे शुल्क किंवा रोजची इन्सुलिन त्यात येत नाही. यादीतील रुग्णालयाने बाह्यरुग्ण भेटीचे पैसे मागितले, तर कार्ड नाकारले असे समजू नये. योजनेची मर्यादाच तेथे आहे.

म्हणून आयुष्मान कार्डधारक कुटुंबांनी तज्ज्ञाच्या नियमित सल्ल्यासाठी सरकारी रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग धरावा. दिल्लीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, सफदरजंग रुग्णालय, डॉ. राम मनोहर लोहिया रुग्णालय आणि पूर्व दिल्लीतील गुरू तेग बहादूर रुग्णालय येथे या शाखेचे तज्ज्ञ आहेत. तेथे तपासणीसाठी कोणत्याही विमा कार्डाची अट नाही. केंद्र शासनाच्या ऑनलाइन नोंदणी प्रणालीवरून घरबसल्या दिवस ठरविता येतो. तारीख दूरची मिळाल्यास ती सोडून न देता घेऊन ठेवावी, आणि दरम्यान जवळच्या रुग्णालयातील सामान्य वैद्यक विभागात उपचार चालू ठेवावेत. मुलांसाठी नोंदणी करताना बालरोग विभागाकडे विचारणा करावी. तेथील संप्रेरक चिकित्सालयाचा वार बहुधा वेगळा असतो.

महाराष्ट्रातून उपचारासाठी दिल्लीस येणाऱ्या कुटुंबांनी एक खात्री निघण्यापूर्वीच करून घ्यावी. आयुष्मान योजनेचा लाभ देशभरातील यादीतील रुग्णालयांत मिळतो. परंतु महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ही महाराष्ट्राची योजना आहे. केवळ तिच्यातून मिळालेले संरक्षण दिल्लीत चालेल असे गृहीत धरू नये. आपले नाव कोणत्या योजनेत आहे, हे १४५५५ या निःशुल्क क्रमांकावर कळते.

केंद्र सरकारी आरोग्य योजना

केंद्रीय कर्मचारी आणि निवृत्तिवेतनधारक यांच्यासाठीची ही योजना १९५४ मध्ये दिल्लीतच सुरू झाली. तिच्यात बाह्यरुग्ण सल्ला, तपासण्या व औषधे या तिन्हींचा समावेश आहे, आणि दीर्घकाळच्या संप्रेरक विकारात तीच अधिक उपयुक्त ठरते. प्रथम आपल्या आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून शिफारस घ्यावी. ती तीन महिने ग्राह्य असते व त्या मुदतीत तज्ज्ञाकडे सहा वेळा जाता येते. सत्तर वर्षे पूर्ण केलेल्यांना सल्ल्यासाठी शिफारशीची गरज नाही.

मान्यता रुग्णालयाला असते, डॉक्टरांना व्यक्तिशः नसते. एखादे रुग्णालय डोळ्यांसाठी किंवा हाडांसाठी मान्यताप्राप्त असेल आणि संप्रेरक विकारांसाठी नसेल, असेही घडते. तेव्हा जाण्यापूर्वी दूरध्वनीवरून तीन गोष्टी विचाराव्यात : या शाखेसाठी आपली मान्यता आज चालू आहे का? हे डॉक्टर योजनेच्या रुग्णांना कोणत्या वारी पाहतात? आणि आम्हाला पैसे भरावे लागतील का? निवृत्तिवेतनधारकांना ही सेवा पैसे न भरता मिळते. सेवेतील कर्मचाऱ्यांना पुष्कळदा आधी पैसे भरून आपल्या कार्यालयाकडून परतावा घ्यावा लागतो. त्यामुळे प्रत्येक पावती व शिफारसपत्राची प्रत जपून ठेवावी.

सत्तरी ओलांडलेल्या निवृत्तांस अलीकडे एक निवड करावी लागते. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळू शकते. मात्र केंद्र सरकारी आरोग्य योजनेच्या लाभार्थ्यांना दोहोंपैकी एकच योजना स्वीकारावी लागते. मधुमेह किंवा अवटू विकाराची औषधे कायम चालू असतील, तर बाह्यरुग्ण सेवा देणारी जुनी योजना सोडणे आमच्या मते बहुधा तोट्याचे आहे. शेजाऱ्याने कार्ड काढले म्हणून घाईने अर्ज करू नये. कर्मचारी राज्य विमा किंवा खाजगी विमा असलेल्यांना ही अडचण नाही. ते वय वंदना कार्डही घेऊ शकतात.

कर्मचारी राज्य विमा

दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या विमाधारक कामगारांच्या पगारातून या योजनेची वर्गणी कापली जाते. नोएडा, फरिदाबाद, मानेसर येथील कारखान्यांत काम करणाऱ्या अनेकांना आपल्या आईवडिलांची नावे अवलंबित म्हणून त्यात नोंदविता येतात, हे ठाऊक नसते. यातही बाह्यरुग्ण सेवा व औषधे मिळतात. वाट ठरलेली आहे : आपल्या नावाशी जोडलेला दवाखाना, तेथून विमा रुग्णालय, आणि तेथे तज्ज्ञ नसल्यास करारबद्ध रुग्णालयाकडे शिफारस. शिफारशीविना थेट खाजगी रुग्णालय गाठले, तर खर्च परत मिळविणे कठीण जाते. घर बदलले असल्यास दवाखानाही बदलून घ्यावा.

भेटीपूर्वी

फलकावर ‘मधुमेहतज्ज्ञ’ लिहिलेले प्रत्येक डॉक्टर संप्रेरकतज्ज्ञ असतातच असे नाही. या शाखेत डीएम किंवा डीआरएनबी ही पदवी असते. ती विचारण्यात संकोच नको. साध्या अवटू विकारासाठी किंवा आटोक्यातील मधुमेहासाठी सामान्य वैद्यकतज्ज्ञ पुरेसे असतात. बालपणीचा मधुमेह, गर्भारपणातील न सावरणारी साखर, पीयूषिका किंवा अधिवृक्क ग्रंथीचे आजार यांत मात्र तज्ज्ञ हवेतच. जुने अहवाल तारखेच्या क्रमाने लावावेत आणि चालू औषधांची वेष्टने सोबत न्यावीत. चिठ्ठीवरील नावापेक्षा वेष्टनावरून मात्रा नेमकी कळते.

तारखेची वाट पाहताना इन्सुलिन बंद करू नये. दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइडही एकाएकी थांबवू नये. त्याने प्राणावर बेतू शकते. औषध संपत आले असेल, तर जवळच्या सरकारी दवाखान्यातून चिठ्ठीचे नूतनीकरण करून घ्यावे. मधुमेही व्यक्तीस सतत उलट्या, जोरजोराचा श्वास, पोटदुखी किंवा गुंगी आल्यास कोणतेही कार्ड शोधत न बसता ११२ वर दूरध्वनी करावा आणि जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्यावे. कार्ड नंतर घरून कोणी आणून दिले तरी चालते.