फुफ्फुसातली गुठळी: कोणाला घरी सोडायचं आणि कोणाला आयसीयूत ठेवायचं, हे आकडे कसं ठरवतात?

कॅल्क्युलेटर म्हटलं की आपल्याला ईएमआय किंवा एसआयपी आठवते. आज मी ज्या कॅल्क्युलेटरबद्दल सांगणार आहे, तो डॉक्टरांच्या फोनमध्ये असतो आणि त्याच्या उत्तरावरून पेशंट कुठल्या खाटेवर जाणार हे ठरायला मदत होते. मी डॉक्टर नाही. पण आकड्यांवरून अंदाज बांधणारी यंत्रणा कशी चालते, हे समजून घ्यायला याच्याइतकं चांगलं उदाहरण सापडणार नाही.

आधी आजार समजून घेऊ

बहुतेक वेळा पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी तयार होते. ती सुटून रक्ताबरोबर हृदयाच्या उजव्या बाजूतून फुफ्फुसाच्या धमनीत जाऊन अडकते. याला पल्मनरी एम्बॉलिझम म्हणतात. वाट अडली की हृदयाच्या उजव्या कप्प्याला जास्त जोर लावावा लागतो. या कप्प्याची भिंत पातळ असते, त्यामुळे तो फुगतो. मग डाव्या बाजूला रक्त कमी पोचतं आणि बीपी कोसळू शकतं. म्हणून नुसती गुठळी किती मोठी आहे हे बघून भागत नाही, हृदय तो भार कितपत पेलतंय हे बघावं लागतं.

पेसी स्कोअर: ११ प्रश्न, एक बेरीज

२००५ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १८६ हॉस्पिटलांच्या नोंदींवरून 'पेसी' हा स्कोअर तयार झाला. पुढच्या ३० दिवसांत मृत्यूचा धोका किती, याचा तो अंदाज देतो. हिशोब असा:

- वय जितकं, तितके गुण
- पुरुष असल्यास १०
- कॅन्सर असल्यास ३०
- हार्ट फेल्युअर १०, फुफ्फुसाचा जुनाट आजार १०
- नाडी मिनिटाला ११० किंवा जास्त: २०
- वरचं बीपी १०० पेक्षा कमी: ३०
- श्वास मिनिटाला ३० किंवा जास्त: २०
- शरीराचं तापमान ३६ अंश सेल्सिअसच्या खाली: २०
- शुद्ध हरपणं किंवा गोंधळलेपण: ६०
- ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली: २०

६५ पर्यंत पहिला वर्ग, ८५ पर्यंत दुसरा, १०५ पर्यंत तिसरा, १२५ पर्यंत चौथा आणि त्यापुढे पाचवा.

आता करून बघू. ५८ वर्षांचा पुरुष, बाकी सगळं ठीक: ५८ + १० = ६८, म्हणजे दुसरा वर्ग, धोका कमी. त्याच माणसाची नाडी ११४ आणि ऑक्सिजन ८८ असेल तर ४० गुण वाढून १०८ होतात. थेट चौथा वर्ग! गंमत म्हणजे यासाठी नाडी मोजायला एक बोट आणि ऑक्सिजनला एक ऑक्सिमीटर पुरतो.

दोन कॅल्क्युलेटर, दोन उत्तरं

घाईच्या वेळी ११ गोष्टींची बेरीज कोण करणार? म्हणून २०१० मध्ये सोपी आवृत्ती आली. त्यात सहाच प्रश्न: वय ८० च्या वर, कॅन्सर, हृदय-फुफ्फुसाचा जुना आजार, नाडी, बीपी आणि ऑक्सिजन. प्रत्येकाला एक गुण. शून्य आला तरच धोका कमी.

आता समजा ३५ वर्षांची बाई आहे, तिला कॅन्सर आहे, बाकी सगळं नॉर्मल. मूळ पेसीत ३५ + ३० = ६५, म्हणजे सगळ्यात सुरक्षित वर्ग. सोप्या स्कोअरमध्ये मात्र कॅन्सरचा एक गुण, म्हणजे धोका कमी नाही! पेशंट एकच, उत्तरं दोन. मूळ स्कोअरमध्ये वयाचं वजन इतकं आहे की तरुण पेशंटचा धोका त्यात झाकला जाऊ शकतो.

म्हणून पुढच्या तपासण्या

युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजीच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना स्कोअरवर थांबत नाहीत. बीपी कोसळलं असेल तर बेरीज करत बसायचंच नाही, तो पेशंट थेट सर्वाधिक धोक्याचा. बाकीच्यांमध्ये सीटी किंवा इकोवर उजवा कप्पा ताणलाय का आणि रक्तात ट्रोपोनिन वाढलंय का, हे बघतात. दोन्ही असतील तर बीपी ठीक दिसत असूनही पेशंटवर बारीक लक्ष ठेवावं लागतं.

मग सगळ्यांनाच गुठळी विरघळवणारं जोरदार औषध का देत नाहीत? २०१४ च्या 'पेथो' चाचणीत अशा मधल्या धोक्याच्या हजारावर पेशंटांवर हे तपासलं गेलं. औषधाने बीपी कोसळण्याचं प्रमाण कमी झालं, पण पक्षाघात २.४ टक्क्यांना झाला. औषध न मिळालेल्यांत तो ०.२ टक्के होता. म्हणजे अंदाज चुकला तर नुकसान दोन्ही बाजूंनी.

एआय काय करतंय?

२०२० मध्ये कॅगलवर अशा सीटी स्कॅनची मोठी स्पर्धा झाली. त्यात गुठळी शोधण्याबरोबरच उजवा कप्पा डाव्याच्या तुलनेत किती मोठा आहे, हेही मॉडेलला ओळखायचं होतं. हे मोजमाप मशीन पटकन करू शकतं. पण एका ठिकाणच्या पेशंटांवर शिकलेलं मॉडेल दुसरीकडे तसंच चालेल असं गृहीत धरता येत नाही, आधी तिथे तपासावं लागतं.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. हे स्कोअर निदान झाल्यानंतरचे आहेत. अचानक दम लागला, छातीत दुखलं, एक पाय सुजला, तर ॲप उघडून बेरीज करत बसू नका, आधी हॉस्पिटल गाठा. आणि डॉक्टर म्हणाले की "धोका कमी आहे, घरी जाऊन गोळ्या घ्या", तर बिनधास्त विचारा: "कशावरून?" त्या उत्तरात नाडी, बीपी, ऑक्सिजन हे शब्द आले, तर त्यामागचा हिशोब आता तुम्हालाही कळेल.