अकरा हजार मैलांची रुजवात

क्रिकेट पाहणारास मैदान असते आणि कुस्ती पाहणारास आखाडा. परंतु ज्या स्पर्धेचे मैदान म्हणजे अटलांटिकपासून पॅसिफिकपर्यंत पसरलेला अवघा भूप्रदेश, जिच्यातले शंभरेक स्वार निशाण हलताच दाही दिशांना पांगतात आणि पुढे कित्येक दिवस परस्परांच्यादेखील दृष्टीस पडत नाहीत, तिचा प्रेक्षक होणे म्हणजे नेमके काय करणे, याचा विचार २०१३ च्या जुलैत पिट्सबर्गला जाईपर्यंत मी कधी केला नव्हता. माझा मुक्काम भाच्याकडे होता, भाच्याला मोटारसायकलींचे वेड होते, आणि त्या वर्षीची ‘आयर्न बट रॅली’ शहराच्या उत्तरेस असलेल्या क्रॅनबेरी टाउनशिपमधील एका हॉटेलच्या आवारातून सुटायची होती. “पाहायला मिळणार तरी काय?” असे मी विचारले, तेव्हा तो प्रांजळपणे म्हणाला, “मामा, सुरुवात आणि शेवट. मधले काही नाही.”

या रॅलीचा प्रारंभ १९८४ साली त्याच पेनसिल्व्हेनिया राज्यातील माँटगोमेरीव्हिल येथून अवघ्या दहा स्वारांनिशी झाला. आरंभीचे स्वरूप देशाच्या चार कोपऱ्यांना शिवून परत यावे इतके साधे होते. पुढे माइक नीबोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हाती सूत्रे आल्यावर तिला आजचे गुंतागुंतीचे रूप प्राप्त झाले. विषम सालांत ती भरते, अकरा दिवस चालते, आणि या अवधीत नामांकित स्वार अकरा हजार मैल, म्हणजे सुमारे सतरा हजार सातशे किलोमीटर, किंवा त्याहूनही अधिक अंतर काटतात. रोख बक्षीस नाही. शिवाय ही वेगाची शर्यतही नव्हे. प्रस्थानाच्या आदल्या संध्याकाळी भोजनसमयी प्रत्येकाच्या हाती एक जाडजूड पुस्तिका पडते, तीत देशभर विखुरलेल्या स्थळांची यादी असते, कुठे एखादे दीपगृह, कुठे रस्त्याकाठचा विद्रूप पुतळा, कुठे कुणा विस्मृत पुरुषाची कबर. प्रत्येक स्थळास गुण ठरलेले असतात, काही स्थळे दिवसाउजेडीच ग्राह्य धरली जातात, आणि सगळी स्थळे गाठणे मनुष्यमात्रास अशक्य व्हावे अशीच त्यांची मांडणी असते. एखाद्या वर्षी अलास्काच्या उत्तर टोकावरील प्रुधो बे हे ठाणे यादीत घालून, खडीच्या रस्त्याने शेकडो मैल जाऊन तितकेच मागे येणाऱ्यास गुणांची रास देऊ केली जाते. तो मोह पत्करावा की टाळावा याचा निर्णय ज्याने त्याने त्या एका रात्रीत संगणकावर नकाशा उघडून घ्यावयाचा, आणि जो लवकर निर्णय करून झोपी जातो तोच बहुधा पुढे टिकतो, असे जाणकार सांगत.

आदल्या दिवशीची तपासणी पाहून मला एखाद्या जुन्या संस्थानाच्या जकातनाक्याचे स्मरण झाले. परवाना, नोंदणी, विम्याचे दस्तऐवज हे सारे बारकाईने पडताळले जात होते. गाडीची मूळ टाकी आणि आसनामागे बसविलेली जादा टाकी मिळून पेट्रोलची क्षमता साडेअकरा गॅलनच्या, म्हणजे सुमारे त्रेचाळीस लिटरच्या, वर जात नाही ना हे मोजले जात होते. आणि प्रत्येक स्वारास ठराविक लांबीच्या रस्त्यावर फिरवून आणून त्याच्या ओडोमीटरची चूक किती हे टिपून घेतले जात होते, जेणेकरून पुढचे सर्व आकडे त्या चुकीची वजावट करून वाचता यावेत. होंडा गोल्डविंग, बीएमडब्ल्यू, यामाहाची एफजेआर अशी ती जनावरे होती खरी, परंतु दुकानाच्या काचेमागचा त्यांचा दिमाख कधीच ओसरला होता. मूळचे आसन काढून मालकाच्या अंगाच्या मापाने घडविलेले आसन, त्यावर मेंढीचे कातडे, मागे बांधलेला पाण्याचा जार आणि त्यातून थेट तोंडाशी येणारी रबरी नळी, पुढे जादा दिवे, हँडलजवळ दिशादर्शक यंत्रे, आणि मेलेल्यासही जागे करील असे एक कर्कश गजराचे घड्याळ: या साऱ्यांत शोभेसाठी म्हणून एकही वस्तू नव्हती. काही हौशी मंडळी मुद्दाम अतिलहान वा अतिजुनी गाडी घेऊन उतरतात. त्यांच्या गटाचे नावच ‘होपलेस क्लास’ असे आहे, आणि त्या नावाचा त्यांना अभिमान वाटतो.

सकाळी दहा वाजता प्रस्थान झाले. स्वयंसेवकांनी रांगेतून फिरत प्रत्येक ओडोमीटरचा अखेरचा आकडा नोंदवला, रॅलीमास्टरने एकेकाकडे बोट दाखवले, आणि एकेक गाडी आवाराबाहेर पडून डावीकडे किंवा उजवीकडे वळली. त्या वळण्यातच काय ते नाट्य होते, कारण कोणी कोणती वाट निवडली याचे तेवढेच एक दृश्य प्रमाण प्रेक्षकांना मिळायचे होते. थोड्याच वेळात आवार रिकामे झाले. काही बायका मुलांना घेऊन न्याहारीला आत गेल्या.

यानंतरचे दिवस वृत्तान्तावर काढायचे असतात. बॉब हिग्डन या गृहस्थांनी अनेक रॅलींचा दैनंदिन वृत्तान्त खोचक आणि रसाळ शैलीत लिहिला आहे, आणि चाहते रात्री उशिरापर्यंत जागून त्याची वाट पाहत असत. कारण कोण कुठे आहे हे स्पर्धा चालू असता जाहीर करण्याची पद्धत नाही. भाचा जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून तर्क लढवी. मी आकडेमोड करून पाहिली तेव्हा चोवीस तासांत हजार मैल या हिशेबाने सरासरी वेग ताशी अवघा सदुसष्ट किलोमीटर पडतो, असे ध्यानी आले. तेथील महामार्गावर त्याहून पुष्कळ अधिक वेग कायद्यानेच मान्य आहे. म्हणजे कस लागतो तो धावण्याचा नव्हे, न थांबण्याचा. पेट्रोल भरणे, लघवीला जाणे, चहा घेणे, हातमोजे शोधणे या क्षुद्र कृत्यांत जो मिनिटे सांडतो, तो कितीही भरधाव गेला तरी मागे पडतो.

एके दुपारी पेनसिल्व्हेनिया टर्नपाइकवरील विश्रांतिस्थळी आम्ही थांबलो असता, लाकडी बाकावर संपूर्ण पोशाखात, डोक्यावरचे शिरस्त्राणही न उतरवता एक मनुष्य उताणा झोपलेला दिसला. स्वारांच्या बोलीत अशा शय्येस ‘आयर्न बट मोटेल’ म्हणतात. आमच्यादेखत त्याच्या खिशातले घड्याळ किंचाळले. तो उठला, एका वहीत काहीतरी लिहिले, आणि निघून गेला. तो स्पर्धेतला होता की आपला एखादा साधा वाटसरू, हे भाच्यालाही सांगता येईना, आणि विचारण्याइतका वेळ त्याने दिला नाही.

शेवटच्या दिवशी मात्र मला जे पाहावयास मिळाले त्याने आधीच्या सर्व कंटाळ्याची भरपाई झाली. मुदत टळल्यावर दर मिनिटास गुण कापले जातात, आणि एका मर्यादेपलीकडे स्वारच बाद होतो. म्हणून मंडळी वेळेआधीच येऊन पोहोचत होती. भाचा स्वयंसेवकांत असल्यामुळे गुणमोजणीच्या दालनात दाराजवळच्या खुर्चीवर बसण्याची मुभा मला मिळाली. टेबलाच्या एका बाजूस मोजणीदार, बहुतेक पूर्वी स्वतः ही रॅली पुरी केलेले; दुसऱ्या बाजूस डोळे तांबारलेला, ओठ फुटलेला स्वार, आणि मध्ये त्याचे दप्तर: पेट्रोलच्या पावत्यांचा गठ्ठा, पेट्रोलची नोंदवही, विश्रांतीचे दाखले, छायाचित्रे. होय, विश्रांतीचेही दाखले, कारण नियमकर्त्यांनी झोपेलाच गुण ठेवले आहेत, आणि झोपेचा आरंभ व शेवट दोन्ही पावत्यांनी सिद्ध करावे लागतात; ठरलेल्या वेळेत दूरध्वनी करून आपण कोठून आलो व कोठे निघालो हे सांगण्यालाही कधीकधी गुण असतात. प्रत्येक स्थळाच्या छायाचित्रात स्वाराचा क्रमांक लिहिलेला ध्वज दिसलाच पाहिजे, आणि नोंदीत ओडोमीटरचा आकडा व वेळ बिनचूक असली पाहिजे. पूर्वी यासाठी पोलरॉइड कॅमेरे वापरीत. आता डिजिटल आले, पण कसोटी तीच राहिली.

नोंदवहीची पाने उलटली जात असता मी हस्ताक्षराकडे पाहत होतो. पहिल्या दिवसाची अक्षरे शाळामास्तरास शोभावीत अशी; मधल्या पानांवर ओळी खाली कलू लागलेल्या; आणि शेवटाकडे सातचा एक झालेला, वेळ एका कालविभागाची आणि पावती दुसऱ्याची, तर एके ठिकाणी गावाच्या नावाऐवजी नुसती आडवी रेघ. पाठ आणि मनगट कधीच तक्रार करू लागलेले असतात, आणि त्यांची तक्रार स्वार दाबून टाकू शकतो; परंतु झोपेवाचून शिणलेली बुद्धी प्रथम कागदावर चुकते आणि आपण चुकलो हे तिला कळतही नाही. त्यामुळे ज्या पावत्या-दाखल्यांना मी आरंभी निव्वळ दप्तरी जाच समजत होतो, तेच या स्पर्धेतले खरे मापनयंत्र आहे, असे माझे मत झाले. एका स्वाराने मोठा वळसा घालून एक भारी गुणांचे स्थळ गाठले होते. छायाचित्र उत्तम होते, स्थळ नि:संशय तेच होते, मात्र ध्वज चौकटीत नव्हता. तो टाकीवरच्या पिशवीतच राहिला होता. मोजणीदाराने छायाचित्र त्याच्याकडे फिरवले, स्वाराने पुष्कळ वेळ त्याकडे पाहिले, आणि एका फटकाऱ्याने ते गुण रद्द झाले. रुजवात संपल्यावर त्याने खाली सही केली. हुज्जत घातली नाही.

मनात एक शंका उरली ती उरलीच. सार्वजनिक रस्त्यावर अकरा दिवस अर्धवट झोपेत वाहन हाकणारा माणूस समोरून येणाऱ्या कुटुंबवत्सल गृहस्थाची अनुमती घेत नाही. आणि या रॅलीच्या इतिहासात स्वारांचे मृत्यूही घडले आहेत. झोपेला गुण देण्यात संयोजकांची सदसद्विवेकबुद्धी दिसते, पण गुण मिळतात म्हणून झोपणारा मनुष्य गुण नसते तर झोपला असता का, हे मला विचारावेसे वाटते. २०१९ साली वेंडी क्रॉकेट ही स्त्री ही रॅली जिंकली, तसे करणारी ती पहिलीच. बळकट दंडांच्या पुरुषांचा हा खेळ आहे या समजुतीस त्याने चांगलाच धक्का बसला असेल, आणि तो बसायलाच हवा होता.

ही रॅली भरवणाऱ्या संस्थेचीच चोवीस तासांत हजार मैलांची छोटी परीक्षा आता आपल्याकडेही चांगली रुळली आहे. पुण्याहून पहाटे निघून बंगळूर गाठावे आणि त्याच पावली परतावे, म्हणजे सोळाशे ऐंशी किलोमीटरच्या आसपास अंतर भरते. ओळखीचा एक तरुण आपली पावत्यांची फाइल घेऊन माझ्याकडे आला तेव्हा त्याची मुख्य तक्रार अशी, की एका पंपावर छपाईयंत्रात कागद नव्हता, दुसऱ्यावरच्या पावतीत वेळ चुकलेली होती, आणि हाताने लिहून दिलेल्या पावतीचा भरवसा धरवत नाही. मी त्याला पावत्यांविषयी काही सांगितले नाही. साताऱ्यापासून निपाणीपर्यंतच्या पट्ट्यात गाळपाच्या हंगामात मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रात्रभर चालतात, आणि ताशी सदुसष्टचा तो निरुपद्रवी आकडा त्या ट्रॉल्यांना विचारात घेऊन काढलेला नाही. तेव्हा पुन्हा जायचे असेल तर दिवाळीनंतर जाऊ नये, जूनपूर्वी जावे, एवढेच बोललो. “काका, जूनपूर्वी बेळगावपुढे ऊन फार लागतं,” तो म्हणाला, आणि फाइल उघडून त्याने मला मे महिन्यातली सुट्टी दाखवली.