घरपरिसरातील डासप्रतिबंध

घरपरिसरातील डासप्रतिबंध म्हणजे राहते घर, अंगण, गच्ची व परसबाग या ठिकाणी डासांची उत्पत्ती होऊ न देणे आणि घरातील माणसांना डासदंशापासून वाचविणे होय. हिवताप, डेंग्यू, चिकुनगुन्या व हत्तीरोग हे महाराष्ट्रात आढळणारे रोग डासांमार्फत पसरतात. यांपैकी डेंग्यू व चिकुनगुन्या यांच्या विषाणूंचा नाश करणारे औषध नसल्याने रुग्णावर लक्षणांनुसार उपचार केले जातात. त्यामुळे या दोन रोगांच्या बाबतीत डासांची पैदास रोखण्यास विशेष महत्त्व आहे.

जीवनचक्र

अंडी, अळी, कोष व प्रौढ डास अशा चार अवस्थांतून डास जातो. अळी व कोष या दोन अवस्था पाण्यातच पूर्ण होतात. उष्ण हवामानात अंड्यापासून प्रौढ डास तयार होण्यास साधारणतः आठ ते दहा दिवस लागतात. रक्त केवळ मादी शोषते; अंड्यांच्या वाढीसाठी तिला त्याची गरज असते.

डेंग्यू पसरविणारा एडीस इजिप्ती हा डास घरातील व अंगणातील स्वच्छ साठवणीच्या पाण्यात वाढतो आणि दिवसा, विशेषतः सकाळी व सूर्यास्तापूर्वी चावतो. तो फार दूर उडत नाही. शहरी हिवतापाचा वाहक ॲनोफिलीस स्टीफेन्सी विहिरी व इमारतींवरील टाक्यांत आढळतो, तर हत्तीरोगाचा वाहक क्युलेक्स गटारे, डबकी व मैलाटाक्या यांतील घाण पाण्यात वाढतो. ॲनोफिलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर राहते. इतर दोघांच्या अळ्या शेपटाकडील श्वासनलिका वर करून तिरप्या लोंबकळतात. हा फरक नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येतो. ‘डास घाणीतच होतात’ हा समज डेंग्यूच्या बाबतीत चुकीचा आहे. नीटनेटक्या घरातील मनीप्लँटची बाटली, कुंडीखालची ताटली, कूलर, फ्रिजच्या मागील बाजूचे पाणी साचणारे भांडे यांत एडीसच्या अळ्या हमखास सापडतात. अंगणातील करवंट्या, फुटके माठ, जुने टायर व ताडपत्रीच्या खोलगट घड्या यांतही पावसाळ्यात हेच घडते.

कोरडा दिवस

आठवड्यातून एक दिवस घरातील पाणी साठविण्याची सर्व भांडी रिकामी करून, घासून व वाळवून पुन्हा भरणे यास ‘कोरडा दिवस’ म्हणतात. आठवड्याची मर्यादा जीवनचक्रावरून ठरलेली आहे. अंड्याचा डास होण्याआधीच पाणी काढून टाकले जाते. भांडे घासण्याची पायरी मात्र पुष्कळदा गाळली जाते. एडीसची मादी अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर आतील बाजूस चिकटविते. ही अंडी कोरड्या अवस्थेत कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी लागताच फुटतात. म्हणून रांजण किंवा पिंप नुसते उपडे करून भागत नाही. आतील बाजू काथ्याने किंवा ब्रशने खरवडून काढावी लागते.

जेथे नळाला रोज पाणी येते तेथे हे सोपे आहे. जेथे आठ-दहा दिवसांनी पाणी येते किंवा टँकरची वाट पाहावी लागते, तेथे भरलेले पिंप ओतून द्या असे सांगणे व्यवहार्य नाही. आणि साठवण जास्त असल्याने एडीसचा उपद्रवही अशाच वस्त्यांत अधिक होतो. अशा वेळी पाणी दुहेरी कापडातून दुसऱ्या भांड्यात गाळून घ्यावे, रिकामे भांडे घासावे आणि तेच पाणी त्यात परत भरावे. कापडात अडकलेल्या अळ्या गटारात न झटकता कोरड्या मातीवर टाकाव्यात; तेथे त्या मरतात. नंतर भांड्याचे तोंड कापडाने घट्ट बांधावे. सैल झाकणाच्या फटीतून मादी सहज आत शिरते. न हलविता येणाऱ्या हौदात आरोग्य कर्मचारी टेमिफॉस हे अळीनाशक ठरावीक मात्रेत टाकतात.

विहिरी, टाक्या व सांडपाणी

मुंबईतील हिवतापाची चौकशी करून चार्ल्स बेंटली यांनी 1911 मध्ये दिलेल्या अहवालात शहरातील विहिरींकडे बोट दाखविले होते. त्यानंतर विहिरी झाकण्याची मोहीम सुरू झाली. धार्मिक विधींसाठी विहिरीचे पाणी वापरणाऱ्यांनी तिला विरोधही केला. आज विहिरींची जागा गच्चीवरील टाक्यांनी घेतली आहे. टाकीचे झाकण घट्ट बसणारे असावे, वाहून जाणाऱ्या पाण्याच्या नळीस जाळी असावी आणि टाकीपर्यंत पोहोचण्यासाठी शिडी असावी. शिडी नसलेल्या टाकीची तपासणी सहसा होतच नाही.

मैलाटाकीच्या हवेच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी किंवा कापड बांधल्यास क्युलेक्सचा मार्ग बंद होतो. सांडपाणी शोषखड्ड्यात जिरविणे हा ग्रामीण भागातील परिणामकारक उपाय आहे. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी (ता. हिमायतनगर) या गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन उघडी गटारे नाहीशी केली व ते डासमुक्त गाव म्हणून ओळखले जाऊ लागले.

गप्पी व गंबुसिया हे मासे अळ्या खातात. गंबुसिया भारतात 1928 मध्ये इटलीतून आणला गेला. तो स्थानिक माशांची अंडी व पिल्लेही फस्त करीत असल्याने नदी-तलावांत सोडू नये. बंदिस्त हौदापुरताच त्याचा वापर योग्य.

धूरफवारणी व वैयक्तिक संरक्षण

धूरफवारणीने त्या वेळी उडत असलेले प्रौढ डासच मरतात. पाण्यातील अळ्या तशाच राहतात व काही दिवसांत नवे डास बाहेर पडतात. साथीच्या काळात संसर्गित डास तातडीने कमी करण्यासाठी तिचा उपयोग होतो. तुळस किंवा गवती चहाची कुंडी खिडकीत ठेवल्याने डास दूर राहतात असे मानले जाते, परंतु नुसत्या रोपाचा तसा भरवशाचा परिणाम होत नाही. उलट कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचल्यास डासांची सोयच होते. खिडक्यांना जाळ्या, अंगभर कपडे, त्वचेवर लावायची डासरोधक मलमे व मच्छरदाणी यांनी दंश टळतो. एडीस दिवसा चावत असल्याने दुपारी झोपणारी तान्ही मुले व डेंग्यूचे रुग्ण यांना दिवसाही मच्छरदाणीत ठेवावे; रुग्णाला चावलेला डास काही दिवसांनी इतरांना संसर्ग देऊ शकतो.